तेलाची रेघ

१

सकाळी सव्वासहाला हॉस्पिटलची बस खाली हॉर्न देते. आई आणि गेउआ आंटी धावत जिना उतरतात, दार धाडकन लागतं, आणि जेद्दातल्या अल अझीझियात तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट संध्याकाळी साडेसातपर्यंत माझा. मी दहाला उठतो. चहा, बिस्किटं, मोबाईल. दुपारच्या अजाननंतर गल्लीतली दुकानं शटर ओढतात. पाण्याचा टँकर येऊन खालच्या टाकीत पाणी सोडतो आणि जातो. मग चारपर्यंत काही नाही. एसीची घरघर, बस्स.

मी शर्विल, वय वीस. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. घरात त्याला 'शर्विलचा प्रॉब्लेम' म्हणतात. बाबा, म्हणजे गिरीश, कंपनीने बदली केल्यापासून लांब दक्षिणेला, खमीस मुशैतला राहतात. महिन्यातून एकदा येतात आणि तेवढे महिनाभर पुरतात. आई, सरोज, आयसीयूत नर्स आहे. बाबा गेल्यावर जी खोली मोकळी झाली ती तिने तिच्याच वॉर्डमधल्या गेउआला दिली.

गेउआ पापुआ न्यू गिनीची. पोर्ट मोर्सबीला लागून पाण्यात खांबांवर उभं असलेलं तिचं गाव, मोटू-कोइताबू लोकांचं. आई पहिले दोन महिने सगळ्यांना ती फिलिपिनो आहे म्हणून सांगत होती. विचारायचं तिला सुचलं नाही. गेउआचा नवरा वागी समुद्रात केबल टाकणाऱ्या जहाजावर. जेद्दा बंदरातून जायचा, नऊ-नऊ आठवडे यायचा नाही.

या वेळी निघताना त्याने खोलीत एक दिवा लावला. गेउआच्या आजीने हाताने घडवलेलं, तळाशी काळं पडलेलं मातीचं भांडं होतं. त्याला ते उरो म्हणतात. कडेखाली नखाने ओढलेल्या तीन तिरक्या रेघा होत्या, आजीची खूण. भांड्यात वाळू, वाळूवर स्टीलची वाटी, वाटीत तिळाचं तेल. वात आमच्या देवघरातली. वागी गुडघ्यावर बसला, काडी ओढली, वात पेटेपर्यंत श्वास धरून थांबला आणि उठून निघून गेला. 'येतो' वगैरे काही नाही. मला ते आवडलं होतं.

"तू दिवसभर घरीच असतोस," आई मला म्हणाली. "आमची दोघींची ड्यूटी. दुपारी एकदा तेल घालत जा. विझू द्यायचा नाही, तो येईपर्यंत. निदान काहीतरी एक गोष्ट पूर्ण कर आयुष्यात."

२

शुक्रवारी आई शराफियाच्या इंडियन बाजारात जाते. कोथिंबीर, कोकम, साबुदाणा आणि चार ओळखीच्या बायकांच्या बातम्या घेऊन येते. गेउआ कधी बरोबर गेली नाही. नवरा समुद्रावर असताना फिरायला जायचं नाही, केस धुवायचे नाहीत. अंघोळही करायची नसते खरं तर, पण आयसीयूत ते कसं चालेल? "बाकी सगळं हॉस्पिटलने मोडलं," ती म्हणायची. "विस्तव तेवढा राहिलाय."

त्या शुक्रवारी मी तिच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून तिचं तेल ओतणं बघत होतो. ती इंग्रजीत बोलायची, मध्येच आईकडून उचललेला एखादा मराठी शब्द. इथे मी सगळं मराठीतच लिहितोय.

"हे कुणी सुरू केलं?" मी विचारलं.

"एदाइ सिआबोने. मासे धरायला गेला होता. खालच्या कुणीतरी त्याला पाण्यात ओढलं. बरोबरचे शोधायला लागले, तर पाण्यावर फक्त त्याचे पाय. पाय धरून त्याला बाहेर काढला. वर आला तो मोठी होडी कशी बांधायची ते शिकून."

"खालचा म्हणजे कोण?"

"खालचा." तिने खांदे उडवले. "आजी त्याचं वर्णन करायची नाही."

मग त्या होड्या निघायच्या. बायकांनी घडवलेली मातीची भांडी भरून लांबच्या किनाऱ्यावर जायच्या आणि महिन्यांनी वारा फिरला की साबुदाणा भरून परत. एदाइ बायकोला सांगून गेला: घरात बस, विस्तव विझू देऊ नकोस. महिने गेले. गाव म्हणालं, मेला तो, ऊठ, अंघोळ कर. ती उठली नाही. मग एक दिवस शीड दिसलं.

"म्हणजे नवरा जग फिरणार आणि बायको घाणीत, धुरात बसणार," मी म्हणालो. "आमच्याकडेही हेच आहे. फक्त संस्कार म्हणतात."

ती हसली. "किती चिडतोस रे! ती बसून राहत नाही. होडी दोघं नेतात. एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. विस्तव त्याने स्वतः लावलेला असतो. आपण लावलेलं आपल्याला लांबून ओळखू येतं. त्यावर तो घरी येतो."

"आणि विझला तर?"

"तर बाहेर येऊन ओरडायचं. सगळ्या गावाला सांगायचं. मग म्हातारे कोइताबू येऊन बसायचे. माझी आजी त्यांच्यातली. मोटू समुद्राचे, कोइताबू जमिनीचे, आणि वारा कोइताबूंचं ऐकतो असं मोटू मानायचे. रात्रभर बसून ते काहीतरी मार्ग काढायचे." तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "विझणं हा गुन्हा नाही. वारा असतो, पाऊस असतो. लपवायचं नाही फक्त. दुसऱ्या कुणी गुपचूप लावायचा नाही."

"का?"

"मग तो त्या दुसऱ्याचा विस्तव होतो," ती म्हणाली.

हे तिने मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

३

मंगळवार. दुपारी दोनला मी तेल घालायला गेलो. वाटीत थोडंच होतं, वात वाकून तळाला टेकत आली होती. बाटली उचलली आणि फोन वाजला. बाबा.

त्यांच्या साहेबांचा मुलगा कॅनडात पोचला होता. त्यावरून सुरुवात. मग माझी फी, मग माझा चेहरा, मग माझ्या आजोबांनी अनवाणी शाळेत जाणं. आजोबांनी गावातल्या लोकांना किती फसवलं ते बाबांनीच एकदा चढल्यावर मला सांगितलंय, पण अनवाणी पाय तेवढे दर महिन्याला येतात. मी बाटली हातात घेऊन हॉलमध्ये आलो. ओरडायचं होतं, त्या खोलीत ओरडवत नव्हतं.

"तुम्ही तरी काय केलंत?" मी म्हणालो. "वीस वर्षं इथे पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात ठेवून जगलात."

"नालायक! माझ्या इकाम्यावर, माझ्या परवान्यावर राहतोस आणि..."

तेल कमी आहे हे मला आठवत होतं. हे लिहिलंच पाहिजे. विसरलो असतो तर वेगळी गोष्ट. मला आठवत होतं, बाटली माझ्याच हातात होती, आणि मी ठरवलं, आधी याला एकदा बोलून घेतो. दिव्याचं काय, दोन मिनिटं.

फोन दोन वाजून चार मिनिटांनी आला होता आणि दोन एकेचाळीसला मी तो कापला. मोबाईलमध्ये आहे ते अजून.

खोलीत गेलो तेव्हा धूरसुद्धा उरला नव्हता. वातीचं टोक गार होतं.

मी आईला फोन केला. ती ड्यूटीवर, मागे मॉनिटरची टुकटुक. स्पीकर चालू ठेवून मी भांड्यासमोर बसलो.

"आई, दिवा विझला."

ती हळू, ठाम, पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तशी: "लाव. कुणाला कळतंय? सांगू नकोस."

यात नवल काही नाही. नवरात्रात आमच्याकडे अखंड दिवा असतो. नऊ दिवसांत तीनदा तरी विझतो. आई इकडेतिकडे बघते, लावते, देवाला नमस्कार करते, आणि दसऱ्याला फॅमिली ग्रुपवर फोटो: 'नऊ दिवस अखंड. देवीची कृपा.' मी हे लहानपणापासून बघत आलोय. आमच्यात अखंड म्हणजे कुणी न पाहिलेलं.

मी तेल ओतलं, नवी वात घातली आणि गॅसच्या लायटरने पेटवली. पहिल्याच ठिणगीला पेटली.

४

गुरुवारी संध्याकाळी गेउआ बसमधून उतरून वर आली तीच दाराशी बसली. आईने पाणी दिलं.

"वागी पाण्यात पडला होता," ती म्हणाली. "परवा. आज कळवलं त्यांनी. दोरखंडात पाय अडकला. डोकं खाली. बोटीवरच्यांना फक्त त्याचे पाय दिसत होते. बाहेर काढेपर्यंत अकरा मिनिटं गेली."

आई आयसीयूत अठरा वर्षं आहे. अकरा मिनिटं म्हणजे काय ते तिला पाठ आहे.

"मलाही माहीत आहे, सिस्टर सरोज," गेउआ तिच्याकडे बघत म्हणाली. "पण तो उठून बसला. चालतोय. दोन आठवड्यांत घरी पाठवतायत."

"परवा किती वाजता?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"दोन वाजून वीस."

मग ती उठली, माझ्यापाशी आली, माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळाला कपाळ लावलं. तिच्या न धुतलेल्या केसांना तिळाच्या तेलाचा आणि हॉस्पिटलचा वास होता.

"तू ठेवलास म्हणून आला तो," ती म्हणाली. "तू ठेवलास."

मी आईकडे बघितलं. आई ओट्यावरचं फडकं धूत होती. स्वच्छ फडकं.

शुक्रवारी गेउआने आमच्या उपासाच्या साबुदाण्याची नारळाच्या दुधात काहीतरी खीर केली. "आमचा ताडाच्या झाडातून निघतो, हा वेगळा आहे, पण चालेल," म्हणाली. "याच्यासाठी आमचे पूर्वज समुद्र ओलांडायचे, आणि तुम्ही पोट रिकामं ठेवायला खाता!" आई मनापासून हसली. पहिली ताटली गेउआने माझ्यापुढे ठेवली.

मी खाल्ली. परत वाढून घेतली.

नंतर स्वयंपाकघरात आईला गाठलं. "त्याच वेळी, आई. दोन वीसला मी फोनवर होतो."

"योगायोग," ती म्हणाली. "आणि वाचला ना? मग? आता तोंड उघडून त्या बिचारीच्या जिवाला घोर लावू नकोस."

मोठी माणसं खोटं बोलतात ते नेहमी कुणातरी बिचाऱ्याच्या भल्यासाठी.

५

मला आधी वाटलं, गेउआ सकाळी जाताना तेल घालून जाते. कारण दुपारी मी जायचो तेव्हा वाटी तेवढीच भरलेली असायची. मग एकदा तीच म्हणाली, "हल्ली तू सकाळचंही बघतोस वाटतं, मला घालावंच लागत नाही."

आम्ही दोघंही घालत नव्हतो.

मी परीक्षेत नापास झालोय, डोक्यात नाही. मार्कर घेतला आणि वाटीच्या आत तेलाच्या पातळीला काळी रेघ ओढली. बारीक, सरळ. ती बुधवारची दुपार. गुरुवारी तेल रेघेला. शुक्रवारी रेघेला. शनिवारीही.

एसीमुळे हवा थंड, म्हणून कमी जळत असेल. पण आधीही एसी होताच. वात जाड, ज्योत बारीक. मी वात चिमट्याने उचलून बघितली. तिचं टोक काळं झालं नव्हतं. इतके दिवस पेटलेली वात पुडीतून आत्ताच काढल्यासारखी पांढरी.

मी तळहात ज्योतीवर धरला. एक वीत, मग चार बोटं, मग दोन. नंतर मी हात काढून घेतला. भाजलं म्हणून नाही.

त्या दिवसापासून दुपारी त्या खोलीचं दार मी ओढून घ्यायला लागलो. हॉलमध्ये बसायचो, टीव्ही मोठा करायचो. तरी खालचा टँकर पाणी सोडायला लागला की आवाज खालून यायचा नाही. त्या खोलीतून यायचा. टाकीत पाणी पडतानाचा तो पोकळ आवाज, जसा काही पाणी पडायला लांबवर जागा आहे. इमारतीचे पाइप तिकडून जातात, मी म्हणायचो. खरंच जातात, मी जाऊन बघितले.

६

वागी रविवारी दुपारी आला. कंपनीच्या ड्रायव्हरने वर आणून सोडला. गेउआने रजा घेतली होती, आईनेही. आईने शिरा केला होता. दारात ओवाळायला ताम्हण घेऊन उभी होती. दुसऱ्याच्या नवऱ्याला, दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या धर्माच्या. आईचं गिल्ट असं ताम्हणात बसतं.

तो आत आला. तोच माणूस. रुंद खांदे, डाव्या भुवईवर जुनी खोक. गेउआ पुढे झाली, त्याच्या छातीला बिलगली. त्याने हात तिच्या पाठीवर ठेवले. पण तो बघत होता पॅसेजच्या टोकाकडे, जिथे माझ्या खोलीचं दार आहे. मी त्या दारात उभा होतो.

"हाय, वागी अंकल," मी म्हणालो.

तो हसला नाही. मान हलवली. वर्गात हजेरी घेताना सर एखाद्याकडे बघून मान हलवतात तशी.

चहा झाला. गेउआ बोलत होती, आई बोलत होती, तो कप उचलायचा, ओठांना लावायचा, गिळायचा. गळ्याची घाटी वरखाली व्हायची. पाच-सहा घोट मी मोजले. कप त्याने खाली ठेवला. काठोकाठ भरलेला होता.

शिऱ्याचंही तेच. चमचा तोंडात जायचा, रिकामा बाहेर यायचा, आणि बशीतला शिरा तेवढाच.

"आवडला नाही का भाऊजींना?" आईने मला मराठीत विचारलं. मग तिचंही लक्ष बशीकडे गेलं. तिने पटकन बशी उचलली आणि सिंकमध्ये पालथी केली, नळ सोडला, आणि पुष्कळ वेळ सोडलेलाच ठेवला.

गेउआच्या न धुतलेल्या केसांवर अजून फडकं बांधलेलं होतं. नवरा घरात आला की बाई आधी केस धुते आणि विस्तव विझू देते, तिनेच सांगितलं होतं मला.

संध्याकाळ झाली. ती उठली नाही.

७

मंगळवारपासून दोघी परत ड्यूटीवर. सव्वासहाला हॉर्न, जिना, दार. आता फ्लॅट माझा नव्हता.

तो दिवसभर खोलीत असायचा. आवाज जवळजवळ नाहीच. कधी भिंतीपलीकडे पुटपुटणं, एकसुरी. शब्द लागायचे नाहीत. मी हेडफोन घालायचो आणि मग काढायचो, कारण हेडफोन घालून पाठ दाराकडे करणं जमेना. माझा पलंग ज्या भिंतीला आहे, त्याच भिंतीला पलीकडून त्याची खुर्ची. गेउआने ती खिडकीशी ठेवली होती. संध्याकाळी ती परत खिडकीशी ठेवायची. दुपारी ती भिंतीला यायची.

बुधवारी, दोनच्या सुमारास, टँकरचा आवाज सुरू झाला आणि पुटपुटणं थांबलं. मी उठलो. पॅसेजमध्ये आलो. दार चार बोटं उघडं होतं.

मला मुद्दाम बघायचं नव्हतं. पण वीस वर्षांचा मी, स्वतःच्या घरात, एका माणसाला घाबरून बसलोय, ह्याचा राग आला. राग आला की मी मूर्खासारखा वागतो, हे एव्हाना कळलंच असेल.

फटीतून आधी उरो दिसलं, तीन रेघांचं. ज्योत सरळ. मग पलंग, चादर नीट ताणलेली. खुर्ची रिकामी. आणि पलंगाच्या पलीकडे, भिंत आणि पलंग यांच्यामधल्या हातभर जागेत, दोन पाय. वर. तळवे छताकडे. घोट्यांपासून पोटऱ्यांपर्यंत दिसत होते, आणि पोटऱ्यांखाली पलंगाची कड. तिथे खाली फरशी आहे. तिथे माणूस उलटा मावेल एवढी खोल जागा नाही. फरशीच्या खाली दुसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाचं स्वयंपाकघर आहे.

व्यायाम करत असेल, मी स्वतःला म्हणालो. शीर्षासन. मोठ्याने म्हणालो बहुतेक.

तळवे ओले होते. सुरकुतलेले, पांढरे. टँकरची मोटर बंद झाली. त्या शांततेत पाय हळूच वळले, एखादी गोष्ट पाण्यावर वळते तसे, आणि अंगठे माझ्याकडे झाले.

मी खाली जाऊन इमारतीच्या दारात बसून राहिलो, बेचाळीस डिग्रीत, बस येईपर्यंत.

८

बसमधून दोघी उतरल्या. मी जिन्यातच गेउआला म्हणालो, "आंटी, केस धुतले नाहीत तुम्ही अजून."

ती पायरीवर थांबली. आई मागे, हातात डबा.

"तो मला ओळखत नाही," गेउआ म्हणाली. "रात्री मी त्याच्याशी मोटूत बोलते. गावाचं, त्याच्या आईचं. तो ऐकतो, पाहुण्यासारखा. आला त्या दिवशी दारातून त्याने तुझ्याकडे बघितलं. रोज खुर्ची तुझ्या भिंतीला नेतो." तिचा आवाज चढला नाही. वाईट बातमी सांगायची तिला सवय आहे. "शर्विल. तो विस्तव विझला होता का?"

"छे, नाही हं!" आई मधेच, इंग्रजीत. "कधीच नाही. मी रोज फोन करून विचारायचे त्याला. देवाशपथ."

आईचा चेहरा इतका खरा होता की क्षणभर मलाच वाटलं, नसेल विझला. अशीच मोठी होत असतील माणसं. एक दिवस सोपं वाटतं आणि मग येतंच.

"हो," मी म्हणालो. "तो पडला त्या मंगळवारी. तेल कमी आहे हे दिसलं होतं मला. मी भांडत बसलो. मग लायटरने लावला. मीच."

डब्याचं झाकण आईच्या हातातून सुटून पायऱ्यांवरून खडखडत खाली गेलं.

गेउआने डोळे मिटले. मला वाटलं ती मारेल. मारायला हवं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "त्याच दिवशी फोन केला असतास मला, वॉर्डमध्ये, तर मी माझ्या आईला गावी फोन केला असता. तिथे अजून दोन म्हाताऱ्या आहेत. त्या बसल्या असत्या. अकरा मिनिटांनंतरसुद्धा, शर्विल. कुणास ठाऊक."

कुणास ठाऊक. हे शब्द मी रोज घेऊन उठतो. 'तू मारलंस' म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं.

वर आल्यावर ती बाथरूममध्ये गेली. शॉवरचा आवाज तासभर येत होता. बाहेर आली तेव्हा केस मोकळे, ओले, कमरेपर्यंत. मला ते एवढे लांब आहेत हे माहीत नव्हतं. तिने बॅग भरली. खोलीत शेवटची गेली तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता. तिने त्याच्या भुवईवरच्या खोकेला बोट लावलं. मग उरोकडे बघितलं. आजीचं भांडं. ते तिने उचललं नाही.

"विझवला तर काय होईल?" मी विचारलं.

"तो माझा विस्तव नाही," ती म्हणाली. "लावला त्याने ठरवायचं."

हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर गेली, आणि महिनाअखेरीस खुरूज लावून, म्हणजे इथलं कायमचं सोडून, गावी. आईने वॉर्डमध्ये सांगितलं की नवरा-बायकोचं पटत नव्हतं.

९

याला पाच आठवडे झाले. कंपनीच्या कागदावर वागी घरी पोचलाय. घरातलं कुणी त्याबद्दल बोलत नाही. बाबा मागच्या महिन्यात आले होते. त्यांना आई म्हणाली, पाहुणा आहे, थोडे दिवस. बाबांनी त्याला बघितलं आणि दोन दिवसांत, काम निघालं म्हणून, परत गेले. मला नालायक म्हणायचंही विसरले. आई रोज सकाळी जाताना त्या खोलीबाहेर चहाचा कप ठेवते. संध्याकाळी तोच कप ओतून देते. माझ्याशी ती फक्त जेवणाचं बोलते.

मी चिडायचो तिच्यावर. 'लाव' कोण म्हणालं होतं? पण ती हॉस्पिटलमध्ये होती, आणि लायटर माझ्या हातात.

काल दुपारी दोनला मी आत गेलो. तो खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. मी उरोसमोर मांडी घालून बसलो. आत कुणीतरी अकरा मिनिटांपाशीच अडकून आहे, की आत कुणीच नाही आणि हे दुसरंच काही आहे, मला माहीत नाही. फुंकर मारली तर एक माणूस सुटेल की मरेल, तेही नाही. पण ठरवायचं मीच होतं. त्याच्याकडे बघून मी मराठीतच म्हणालो, "चुकलो मी." गेउआला म्हटलं नव्हतं, हे तेव्हा आठवलं.

आणि फुंकर मारली.

ज्योत गेली. धूर आला नाही. एसीची घरघर कुठेतरी खोल गेल्यासारखी झाली. मागे खुर्ची रिकामी झाल्याचा आवाज, आणि मग खालून, फरशीखालून, पाणी बाजूला होतानाचा आवाज. मी वळलो नाही. पण डोळ्यांच्या कोपऱ्यात, पलंगाच्या पलीकडे, काहीतरी पांढुरकं वर येत होतं.

मग तो बोलला. आवाज वागीचाच, जाड, पण बोलणं त्याचं नव्हतं. हळू, ठाम, पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तसं. शब्दांच्या मागे मॉनिटरची टुकटुकसुद्धा.

"लाव. कुणाला कळतंय? सांगू नकोस."

लायटर माझ्या खिशात होता. तो मी का घेऊन गेलो होतो?

पहिल्याच ठिणगीला पेटला. खुर्ची करकरली.

संध्याकाळी आई आली, बूट काढता काढता तिने नेहमीसारखं विचारलं, "ठीक आहे ना सगळं?"

"हो," मी म्हणालो.

आज दुपारी वाटी बघितली. मी तेल घातलेलं नाही. रेघ तेलाखाली गेली आहे.